कुलाबा ते अलिबाग : एका अखंड नोंदीचा इतिहास

मुंबई बेटाच्या दक्षिणेस, भरतीच्या वेळी मुख्य बेटापासून तुटून पडणाऱ्या आणि १८३८ साली कॉजवे बांधून होईपर्यंत होडीवाचून किंवा ओहोटीची वाट पाहिल्यावाचून जेथे जाता येत नसे अशा कुलाब्याच्या निमुळत्या भूमीवर, ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८२६ साली एक वेधशाळा उभारली. हेतू सर्वस्वी व्यवहाराचा होता. मुंबई बंदरात नांगरलेल्या जहाजांना बिनचूक वेळ कळली पाहिजे, कारण भर समुद्रात आपले रेखांश ठरविताना तांडेलाचा सारा भरवसा घड्याळावर असतो, आणि बंदर सोडताना त्या घड्याळात राहिलेली अल्पशी चूकही मजल-दरमजल वाढत जाऊन जहाजाला खडकावर नेऊ शकते. म्हणून ताऱ्यांचे वेध घ्यावेत, त्यांवरून मुंबईची स्थानिक वेळ निश्चित करावी आणि ती बंदराला कळवावी, एवढेच काम या वेधशाळेकडे सोपविण्यात आले होते. ग्रीनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटे चालणारी ती मुंबईची वेळ पुढे इतकी रुजली, की १९०६ साली सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईकरांनी ती १९५५ पर्यंत सोडली नाही.

आरंभ मात्र फारसा शुभ झाला नाही. कंपनीने विलायतेहून नेमून पाठविलेला पहिला ज्योतिषी कर्निन याचे सरकारशी पटले नाही, आणि १८२८ साली त्याला हुद्द्यावरून दूर करण्यात आले. इमला उभा होता, परंतु त्यात बसून नेमाने काम करील असा माणूस कित्येक वर्षे लाभला नाही. पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात ज्योतिष आणि सृष्टिशास्त्र शिकविणारे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्याकडे वेधशाळेचा कारभार आला, आणि येथूनच तिच्या खऱ्या इतिहासास प्रारंभ होतो. तो इतिहास ताऱ्यांचा राहिला नाही. पृथ्वीच्या पोटातून उगम पावणाऱ्या आणि सूर्याच्या लहरीनुसार थरथरणाऱ्या चुंबकीय बलाचा तो इतिहास झाला. १८४१ साली येथे चुंबकीय मापनास आरंभ झाला. ते मापन प्रथम कुलाब्यात आणि नंतर खाडीपलीकडे अलिबागेत अव्याहत चालू राहिले आणि आजही चालू आहे. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ एकाच गोष्टीची सलग नोंद ठेवणाऱ्या जगातील मोजक्या जागांमध्ये आपल्या या किनाऱ्याची गणना होते. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत शोधाच्या क्षणाला जे महत्त्व दिले जाते ते अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही; परंतु त्या क्षणाला आधार देणारी, पिढ्यान् पिढ्या चाललेली जी निष्ठापूर्वक नोंद असते तिलाही विज्ञानाच्या इतिहासात शोधाच्याच बरोबरीचे स्थान असले पाहिजे, आणि कुलाबा व अलिबाग येथील वृत्तान्त या म्हणण्याला पुरेसा दाखला आहे.

पृथ्वी हीच एक प्रचंड चुंबक आहे, हा सिद्धान्त विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली मांडला होता. होकायंत्राची सूची खऱ्या उत्तरेपासून किंचित ढळलेली असते, हे ढळणे ठिकाणागणिक वेगळे असते आणि एकाच ठिकाणी काळागणिक बदलते, हेही खलाशांना ठाऊक होते. परंतु या बलाचे निश्चित मोजमाप करण्याची रीत जर्मनीतील ग्योटिंगेन येथे कार्ल फ्रेडरिक गाउस याने १८३२ साली सिद्ध केली, तेव्हाच हा विषय कुतूहलाच्या कक्षेतून गणिताच्या कक्षेत आला. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट याच्या प्रेरणेने युरोपातील वेधशाळांनी आपसांत करार केला, की ठरलेल्या दिवशी सर्वांनी ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे एकाच क्षणी आपापल्या सूचीचे वाचन करावे. त्या वाचनांवरून असे आढळले, की शेकडो कोसांचे अंतर असलेल्या ठिकाणच्या सूची एकाच वेळी हेलावतात. मग हे हेलावे साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी उठतात की काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला आणि एडवर्ड सबाइन प्रभृतींच्या खटपटीने ब्रिटिश सरकारने टोरोंटो, सेंट हेलेना, केप ऑफ गुड होप आणि टास्मानियातील होबार्ट येथे चुंबकीय वेधशाळा स्थापन केल्या. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलुखात सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई ही ठिकाणे पसंत केली. यांतल्या बहुतेकांचे आयुष्य अल्प ठरले. ठरलेली मुदत संपताच दप्तरे बांधली गेली आणि उपकरणे परत गेली. मुंबईची वेधशाळा टिकली, आणि ती टिकविण्यात ज्यांचा वाटा होता त्यांत आरंभीच एका मराठी मुलाचे नाव येते.

केरो लक्ष्मण छत्रे ऊर्फ केरुनाना यांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळच्या नागाव या गावी, म्हणजे अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या प्रदेशात झाला. चुलते सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे मुंबईत ग्रंथकार म्हणून नावारूपास आलेले गृहस्थ होते. इसापनीतीच्या कथा मराठीत आणणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना होते. त्यांच्या आश्रयाने हा मुलगा मुंबईस आला आणि एल्फिन्स्टन विद्यालयात ऑर्लिबार यांच्या हाताखाली गणित व ज्योतिष शिकला. त्याची बुद्धी पाहून ऑर्लिबार यांनी त्याला वेधशाळेत पन्नास रुपये दरमहाच्या जागेवर नेमले, तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा होता. पुढची सुमारे दहा वर्षे केरुनानांनी कुलाब्यास काढली. सूचीचे वाचन करणे, तापमापक व वायुभारमापक पाहणे, आकड्यांतील दोष गणिताने निवारून ते कोष्टकांत उतरविणे हे त्यांचे काम होते, आणि त्या कामातून त्यांच्या बुद्धीला जे वळण लागले ते आयुष्यभर टिकले. ज्या देशात ज्योतिष म्हणजे ग्रंथोक्त वचनांवरून गणित करणे अशी समजूत दृढ झाली होती, त्या देशात आकाश प्रत्यक्ष पाहून मग ग्रंथाला दुरुस्ती सुचविण्याचे धाडस त्यांना याच शिक्षणाने दिले.

१८५१ च्या सुमारास ते पुण्यास अध्यापनासाठी गेले, परंतु वेधशाळेतला अभ्यास त्यांनी सोडला नाही. पाश्चात्त्य मापनांच्या आधारे ग्रहांची स्थाने काढण्यासाठी त्यांनी ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध केला. प्रचलित पंचांगातील ग्रहगणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाही, ग्रहणे व युती पंचांगात एका वेळी आणि आकाशात दुसऱ्या वेळी घडतात, हे त्यांनी लोकांपुढे निर्भीडपणे मांडले, आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या पाठिंब्याने वेधाशी जुळणारे नवे पंचांग काढले, जे पटवर्धनी पंचांग या नावाने ओळखले जाऊ लागले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणित शिकविताना त्यांना जे विद्यार्थी लाभले त्यांत बाळ गंगाधर टिळक हे होते, आणि टिळकांच्या मनात गणित व ज्योतिष यांविषयी जी आयुष्यभराची ओढ निर्माण झाली तिच्या मुळाशी केरुनानांचे अध्यापन होते. १८८४ साली ते निवर्तले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात त्यांचे जे चरित्र आदराने लिहिले आहे, त्यामुळे कुलाब्यातील एका तरुण नोंदकाराचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या नंतर त्याच खुर्चीवर बसून रात्री जागविणाऱ्या अनेकांना असा चरित्रकार मिळाला नाही.

या नोंदकारांचे काम कसे होते, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्यातील कष्टांची कल्पना आल्याशिवाय पुढील प्रसंगाचे महत्त्व ध्यानात येणार नाही. एक चुंबकदंड बारीक तंतूने टांगलेला असे आणि त्यास छोटासा आरसा जडविलेला असे. काही अंतरावर दुर्बीण आणि तिच्याजवळ अंकित केलेली पट्टी असे. चुंबक केसभर वळला, तरी आरशात दिसणारा पट्टीवरचा आकडा सरकत असे, आणि निरीक्षकाने दुर्बिणीस डोळा लावून तो आकडा वाचून नोंदवहीत लिहावयाचा असे. क्षितिजसमांतर बल मोजावयाचे असल्यास चुंबक दोन समांतर तंतूंनी टांगून मुद्दाम पूर्व-पश्चिम रोखाने ताणून ठेवीत. बल वाढले वा घटले, की तो एका अंगास वा दुसऱ्या अंगास झुकत असे. खोलीत लोखंडाचा लवलेशही चालत नसे. किल्ल्यांचा जुडगा किंवा चाकू खिशात ठेवून आत येणाऱ्याने सगळ्या वाचनाचा विध्वंस केला असता. उष्णतेने चुंबकाचे बल घटते, म्हणून प्रत्येक आकड्यासोबत खोलीचे तापमान लिहावे लागे आणि मागाहून त्याचा हिशेब करून दुरुस्ती करावी लागे. १८४६ पासून ही वाचने दर तासाला, दिवस-रात्र, नेमाने होऊ लागली. मुंबईच्या पावसाळ्यात, दिव्याच्या मंद उजेडात, पहाटेच्या दोन वाजता आणि पुन्हा तीन वाजता उठून आकडा वाचणे, आणि तो कालच्यासारखाच निघाला तरी तितक्याच सावधपणे लिहिणे, हे काम ज्यांनी वर्षानुवर्षे केले त्यांना त्या आकड्यांचा उपयोग काय होणार हे ठाऊक नव्हते, आणि ते सांगू शकेल असा मनुष्य त्या काळी पृथ्वीवर कोठेही नव्हता.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास इंग्लंडमध्ये रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा ज्योतिषी सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता, त्याला डागांच्या एका समूहावर अकस्मात डोळे दिपविणाऱ्या शुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके उमटलेले दिसले आणि पाच मिनिटांच्या आत ते विरून गेले. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीच्या चुंबकीय बलात असा क्षोभ उसळला, की त्याला तोड नाही. एरवी ध्रुवप्रदेशातच दिसणारा मेरुप्रकाश क्यूबा आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. अमेरिकेतील तारयंत्रांच्या कचेऱ्यांत ठिणग्या उडाल्या, आणि काही ठिकाणी विद्युत्घट काढून टाकल्यावरही केवळ आकाशातून उद्भवलेल्या प्रवाहावर संदेश जाऊ लागले. ग्रीनिच आणि क्यू येथील वेधशाळांत त्या वेळी छायाचित्रणाने आपोआप नोंद घेणारी नवी उपकरणे बसविलेली होती, परंतु क्षोभ एवढा प्रचंड होता की प्रकाशाचा किरण कागदाच्या मर्यादेबाहेर निघून गेला आणि ऐन मोक्याच्या वेळी नोंद कोरी राहिली.

कुलाब्यात मात्र डोळ्यांनी वाचन चालू होते. मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ उलटून दुपारकडे कल झुकत होता. क्षितिजसमांतर बल विलक्षण वेगाने खाली येत आहे हे तेथील निरीक्षकांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांनी दर तासाचा परिपाठ बाजूस ठेवून काही मिनिटांच्या अंतराने वाचन सुरू केले, आणि बलाचा उतार, त्याचा तळ व त्याचे पुन्हा सावरणे हे सारे नोंदवहीत उतरविले. आजच्या मानाने हा उतार सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे मुंबईच्या एकंदर क्षितिजसमांतर बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास भरतो. ऐकावयास हा आकडा लहान वाटेल. परंतु साधारण चुंबकीय वादळात तो या मानाच्या दहाव्या हिश्शाएवढाही असत नाही. वेधशाळेचे त्या वेळचे प्रमुख लेफ्टनंट फर्गसन यांनी त्या सालची सर्व वाचने नेहमीच्या वार्षिक ग्रंथात छापून प्रसिद्ध केली. त्या दिवशी दुर्बिणीस डोळा लावून बसलेल्या निरीक्षकांनी वेळीच अधिक वाचन सुरू केले, आणि ती सावधता रोजच्या निरर्थक भासणाऱ्या कामातूनच आलेली होती. ज्याने हजारो वेळा स्वस्थ सूची पाहिली आहे त्यालाच अस्वस्थ सूचीची खूण तत्काळ पटते.

१८६५ साली चार्ल्स चेंबर्स हे वेधशाळेचे प्रमुख झाले आणि तीस वर्षांहून अधिक काळ, १८९६ साली मृत्यू येईपर्यंत, त्यांनी तो भार वाहिला. मुंबई इलाख्याच्या हवामानावर त्यांनी लिहिलेला विस्तृत ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्याच कारकिर्दीत, १८७२ साली, कुलाब्यातही छायाचित्रणाची उपकरणे आली. चुंबकाच्या आरशावरून परावर्तित झालेला दिव्याचा किरण घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या रुळावरील रासायनिक कागदावर पडू लागला आणि सूची रात्रंदिवस आपली रेषा आपणच काढू लागली. माणसाचे जागरण कमी झाले, परंतु जबाबदारी कमी झाली नाही; त्या रेषेचे मान प्रत्यक्ष मोजमापाने वारंवार पडताळून पाहावे लागे, आणि प्रत्येक तासाचा आकडा रेषेवरून हातानेच मोजून काढावा लागे.

चेंबर्स यांच्या पश्चात ज्यांच्याकडे हा हुद्दा आला ते नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख होत. त्यांचा जन्म १८५९ सालचा, म्हणजे ज्या वर्षी कुलाब्याने ते महावादळ टिपले त्याच वर्षाचा. एडिंबरोस उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले होते आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत होते. ज्या वर्षी त्यांनी सूत्रे हाती घेतली त्याच वर्षी मुंबईत प्लेगने प्रवेश केला आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. अशा काळातही वेधशाळेचे काम थांबले नाही. १८९८ साली त्यांनी मिल्न याच्या पद्धतीचे भूकंपमापक यंत्र कुलाब्यास बसविले. परंतु त्यांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी लागावयाची होती ती एका अगदी अनपेक्षित दिशेने.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या चालत होत्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्या विजेवर चालविण्याची योजना पुढे आली. शहराच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती, परंतु वेधशाळेच्या दृष्टीने ते प्राणसंकट होते. ट्रामला लागणारा विद्युत्प्रवाह डोक्यावरील तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. परंतु रूळ जमिनीवर टेकलेले असल्यामुळे त्या प्रवाहाचा काही अंश जमिनीत पाझरतो आणि दूरवर पसरून आपल्याभोवती चुंबकीय बल उत्पन्न करतो. ज्या सूचीने कोट्यवधी कोसांवरील सूर्याचे स्पंदन टिपावयाचे, तिला गाडी निघाल्याची आणि थांबल्याची बातमी मिळू लागली तर तिची साक्ष व्यर्थ होय. हे संकट मुंबईवरच आले होते असे नाही. टोरोंटोची वेधशाळा याच कारणाने १८९८ साली शहराबाहेर अॅजिनकोर्ट येथे हलवावी लागली होती, आणि इंग्लंडातील क्यूचे चुंबकीय कामही पुढे स्कॉटलंडातील एस्कडेलम्यूर येथे न्यावे लागले.

मूस यांच्यापुढे दोन प्रश्न होते. नवी जागा कोठे निवडावी हा पहिला, आणि जुन्या नोंदीचे नव्या नोंदीशी नाते कसे जोडावे हा दुसरा. यांतला दुसरा अधिक बिकट होता, कारण चुंबकीय बल ठिकाणागणिक भिन्न असते. कुलाब्यातला आकडा आज संपला आणि उद्यापासून अन्यत्रचा सुरू झाला, तर साठ वर्षांची मालिका तेथेच तुटते आणि शतकाशतकाने होणारे संथ बदल तिच्यातून वाचणे अशक्य होते. जागेसाठी त्यांनी अलिबाग पसंत केले. कुलाब्याच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर, त्याच किनाऱ्यावर, जवळजवळ त्याच रेखांशावर असलेले हे आंग्र्यांचे जुने गाव शहराच्या गजबजाटापासून आणि रेल्वेपासून अलिप्त होते, आणि तरीही मुंबईहून तेथे येणे-जाणे ठेवता येण्याजोगे होते.

इमारत बांधण्याची तजवीजही साधी नव्हती. आपला सह्याद्री आणि कोकणपट्टी ज्या काळ्या कातळाने बनली आहे त्या कातळात लोहयुक्त खनिजाचे कण असतात, आणि तो स्वतःच किंचित चुंबकीय असतो. ज्या दगडाने आपले गड-कोट उभारले गेले तो या कामास सर्वथा निरुपयोगी होता. म्हणून पोरबंदरचा चुनखडीचा दगड समुद्रमार्गाने आणविण्यात आला, आणि खिळे, बिजागऱ्या, कड्या इत्यादी सामान लोखंडाऐवजी तांब्या-पितळेचे वापरण्यात आले. बल सतत नोंदविणाऱ्या उपकरणांसाठी खोलीच्या आत खोली अशी रचना करण्यात आली, म्हणजे बाहेरच्या ऊन-पावसाचा आणि दिवस-रात्रीच्या उष्णतेचा फरक आतल्या चुंबकांपर्यंत पोहोचू नये. प्रत्यक्ष मोजमापासाठी निराळी इमारत बांधली गेली. हे सर्व १९०४ साली सिद्ध झाले.

त्यानंतर मूस यांनी जे केले त्यात त्यांची दूरदृष्टी पूर्णपणे प्रकट होते. अलिबागेस उपकरणे सुरू होताच त्यांनी कुलाब्याची बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी संपूर्ण नोंद ठेवली. या दोन वर्षांत नवा सिद्धान्त असा काही हाती येणार नव्हता, खर्च आणि श्रम मात्र दुप्पट होते. परंतु दोन्ही ठिकाणचे आकडे महिनोन् महिने समोरासमोर ठेवल्यामुळे त्यांच्यातला स्थिर फरक किती, आणि दैनंदिन चढ-उतारांत कोठे साम्य व कोठे भेद आहे, हे निःसंशयपणे ठरले. आणि मग एखाद्या जुन्या शेल्यास नवा पदर धाग्यास धागा लावून विणून द्यावा त्याप्रमाणे अलिबागची मालिका कुलाब्याच्या मालिकेस जोडली गेली. १९०६ साली कुलाब्यातील चुंबकीय वाचन थांबले. ७ मे १९०७ रोजी मुंबईच्या रस्त्यांवर विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा तिच्यामुळे बिघडावे असे कुलाब्यात काही उरले नव्हते.

१९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मुंबईच्या चुंबकीय नोंदींचे दोन भाग प्रसिद्ध केले. पहिल्या भागात उपकरणांचे वर्णन आणि आकडे, आणि दुसऱ्यात त्या आकड्यांचे विवेचन, अशी त्यांची मांडणी आहे. कोणते वाचन कोणत्या उपकरणाचे, त्यात कोणता दोष, तो कसा काढला, याचा त्यांनी दिलेला तपशील असा आहे की शंभर वर्षांनंतरच्या संशोधकालाही त्या आकड्यांवर विश्वास ठेवून काम करता आले. विवेचनात त्यांनी अवलंबिलेली एक रीत विशेष मोलाची आहे. एकेकटे चुंबकीय वादळ पाहिले तर त्याचे वागणे स्वैर वाटते. परंतु मूस यांनी अनेक वादळांचे आकडे त्यांच्या प्रारंभक्षणापासून मोजून एकत्र केले आणि त्यांची सरासरी काढली, तेव्हा त्या स्वैरपणाआडचा नियम दिसू लागला. बल प्रथम किंचित वाढते, मग काही तासांत झपाट्याने उतरते, आणि त्यानंतर कित्येक दिवस घेऊन संथपणे पूर्वपदावर येते. पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या पातळीत वर्तुळाकार वाहणारा विद्युत्प्रवाह या उताराला कारण होतो हे विज्ञानाला पुढे कळले. त्या प्रवाहाचे पदचिन्ह मात्र मुंबईच्या आकड्यांत मूस यांनी आधीच रेखाटून ठेवले होते. १९१९ साली ते निवृत्त झाले आणि १९३६ साली त्यांचे देहावसान झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात, १९७१ साली, कुलाबा व अलिबाग येथील या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था निर्माण झाली. तिच्या दप्तरात कुलाब्याचे जुने वार्षिक ग्रंथ होते. २००३ साली त्या संस्थेतील गुरबक्स लाखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी व वॉल्टर गोन्झालेझ या परदेशी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १८५९ च्या वादळाचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्याचा मुख्य आधार कुलाब्यातील ती वाचने हा होता. तोवर जग त्या नोंदीकडे निव्वळ जिज्ञासेने पाहण्याच्या अवस्थेत राहिले नव्हते. मार्च १९८९ मध्ये त्या वादळाहून पुष्कळ सौम्य अशा एका चुंबकीय वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पाडला होता आणि साठ लाख माणसांना अंधारात ठेवले होते. आज विजेची जाळी, उपग्रह, विमानांचे दळणवळण यांवर सगळा व्यवहार अवलंबून असताना, सूर्याचा प्रकोप अधिकात अधिक किती होऊ शकतो, या प्रश्नाचे प्रत्यक्ष मोजलेले उत्तर शोधू गेल्यास मनुष्याला १८५९ च्या सप्टेंबरातील कुलाब्याची नोंदवही उघडावी लागते. तारयंत्राचेही नावीन्य ओसरले नव्हते अशा काळात लिहिलेल्या आकड्यांना असा उपयोग येईल, हे ते लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते.

या वृत्तान्तातून विज्ञानाच्या स्वरूपाविषयी जे शिकावयाचे ते येथे आहे. केरुनाना, चेंबर्स आणि मूस यांच्या नावावर जगाचा कायापालट करणारा एकही सिद्धान्त नाही, आणि तरीही ज्यांच्या नावावर तसे सिद्धान्त आहेत त्यांना या मंडळींवाचून पुढे पाऊल टाकता आले नसते. गाउसने मोजण्याची रीत दिली, कॅरिंग्टनने सूर्यावरील स्फोट पाहिला. परंतु रीत वापरली जावी लागते आणि स्फोटाचा परिणाम पृथ्वीवर कोणी तरी टिपावा लागतो. हे टिपण्याचे काम एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही. त्याला संस्था लागते, आणि संस्थेला असे प्रमुख लागतात की जे आपल्या पूर्वसूरींच्या कामाला आपल्या कीर्तीपेक्षा अधिक जपतील. मूस यांनी दोन वर्षे दुहेरी नोंद ठेवण्याऐवजी नव्या जागी नवे संशोधन सुरू केले असते, तर कदाचित त्यांच्या नावे चार निबंध अधिक जमा झाले असते आणि एक अमूल्य मालिका मात्र कायमची खंडित झाली असती.

आपल्याकडे शास्त्रज्ञांची चरित्रे लिहिण्याची प्रथा आता चांगली रुजली आहे, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्या चरित्रमालेत वेधशाळांचे, रुग्णालयांच्या दप्तरांचे, पर्जन्यमापनाच्या व भरती-ओहोटीच्या नोंदींचे इतिहास आले पाहिजेत, आणि ती कामे करणाऱ्या सहायकांची व कारकुनांची नावे जेथे जेथे जुन्या वेतनपत्रकांत वा अहवालांत सापडतील तेथून उचलून ती छापली गेली पाहिजेत. ज्यांचा लाभ आपल्या नातवंडांना होईल किंवा कदाचित कोणालाच होणार नाही, अशा मापनांसाठी जो समाज वर्षानुवर्षे मंजुरी देतो, पगार देतो आणि ते करणाऱ्यांचा मान राखतो, त्याच समाजात विज्ञान परके राहत नाही. कुलाब्यात आणि अलिबागेत हे घडले. जेथे जेथे अशा नोंदी आज काटकसरीच्या नावाखाली बंद करण्याचा विचार होतो, तेथे तेथे निर्णय घेणाऱ्यांनी हा इतिहास वाचूनच निर्णय घ्यावा.